रतनपूरचा दरवाजा : आतून आणि बाहेरून



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी प्रास्ताविकात आपण आत्ताच ऐकले. पुस्तक मिटायला लावून पोरांना वर्गाबाहेर नेणारे आणि समोरच्या दगडाकडे बोट दाखवून इतिहास शिकवणारे ते शिक्षक होते. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर मी दगडावरच बोलायचे ठरवले आहे. एका दरवाज्यावर. इथून, रायपूरपासून, सुमारे दीडशे किलोमीटरवर, बिलासपुराच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर रतनपूर आहे. तिथल्या जुन्या किल्ल्याचा तो दरवाजा. गावातले लोक त्या किल्ल्याला हाथी किला म्हणतात, पुस्तकांत गजकिल्ला म्हणतात.

तुमच्यापैकी कितीजण रतनपूरला गेला आहात? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे. तिथल्या महामाया देवीच्या दर्शनाला कोण जात नाही! आणि किल्ल्याच्या दरवाज्यासमोर किती जण थांबला आहात? हात खाली आले. मला दोष द्यायचा नाही. नागपूरहून येणारे आम्हीही तेच करतो. नवरात्रात महामायेची रांग, नारळ, प्रसाद आणि परतीची गाडी. पण आज तासभर त्या दरवाज्यासमोर थांबू या, कारण मराठी माणूस छत्तीसगडच्या राजधानीत सत्ता घेऊन शिरला तो त्या दारातून. आणि ते दार आपण आजवर एकाच बाजूने पाहिले, बाहेरच्या बाजूने. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की ते आतूनही पाहिले पाहिजे.

आधी मुलखाविषयी. ज्या प्रांताच्या नावातच छत्तीस गड आहेत, तिथे गड म्हणजे काय? आपण महाराष्ट्रातून येतो तेव्हा गड म्हटल्यावर डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा येतो, राजगड येतो, बालेकिल्ला येतो. इथला गड तसा नाही. इथे गड हा मुख्यतः कारभाराचा विभाग. शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा गड रतनपूरच्या गादीचे आणि दक्षिणेला अठरा रायपूरच्या गादीचे, अशी ही परंपरेने चालत आलेली वाटणी. रतनपूरच्या कल्याणसाय राजाच्या वेळच्या जमाबंदीच्या वहीचा आधार घेऊन चिशोम या इंग्रज अधिकाऱ्याने १८६८ साली आपल्या बिलासपूरच्या अहवालात या गडांचा हिशेब मांडला. म्हणजे छत्तीस गडांची ही ओळख लढायांपेक्षा महसुलाच्या वहीतून आपल्यापर्यंत आली आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आणि या गडांची बांधणी? बहुतेक ठिकाणी मातीचा जाड कोट आणि त्याभोवती पाण्याने भरलेला खंदक. मल्हारला जा, कोटमीला जा. लांबून पाहिले तर शेतातला एक रुंद उंचवटा आणि भोवती कमळांचे तळे, एवढेच दिसते. भाताचा मुलूख आहे हा. इथे माणसाला पाणी अडवायची कला आधीपासून येते, तेव्हा शत्रूलाही पाण्यानेच अडवायचे हे ओघाने आले. डोंगरी किल्ले इथे नाहीत असे नाही. उत्तरेला चैतुरगड आहे, लाफागडही म्हणतात, आणि त्याला मेनका, हुंकरा आणि सिंहद्वार अशा नावांचे तीन दरवाजे आहेत. पण तो अपवाद. मैदानातल्या गडांची माती पावसागणिक खाली बसत गेली, लाकडी दारे वाळवीने खाल्ली, आणि आज बहुतेक ठिकाणी दार कुठे होते हेही सांगता येत नाही. म्हणून रतनपूरच्या दगडी दरवाज्याचे मोल. सबंध मैदानी छत्तीसगडात मध्ययुगीन राजधानीची वेस हात लावून पाहता येते अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत.

रतनपूर वसवले ते कलचुरी राजा पहिल्या रत्नदेवाने, अकराव्या शतकाच्या मध्याला. त्याआधी त्यांची राजधानी तुम्माण, आजचे तुमान. तिथून ते रतनपूरला आले आणि जवळजवळ सातशे वर्षे ती गादी तिथे राहिली. सातशे वर्षे! आपल्या यादवांचे देवगिरीवरचे राज्य, मग बहमनी, मग निजामशाही, मग शिवकाल, मग पेशवाईचा निम्मा काळ, एवढे सगळे आपल्याकडे होऊन गेले आणि रतनपुरात त्याच घराण्यातला पुरुष गादीवर होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीला एक शाखा फुटून रायपूरला आली. पण थोरली गादी रतनपूरची.

आता दरवाज्यापाशी येऊ. किल्ल्याभोवती खंदक आहे. चार दरवाज्यांची नावे सांगतात: सिंहद्वार, गणेशद्वार, भैरवद्वार आणि सेनापतिद्वार. गणेशद्वारापाशी हनुमानाची मूर्ती आहे आणि गंगा-यमुनांच्या मूर्ती आहेत. गंगा-यमुना ही खरे तर देवळाच्या गाभाऱ्याच्या चौकटीवरची मंडळी. त्या किल्ल्याच्या दाराशी काय करतात? हा प्रश्न मनात धरून सिंहद्वाराकडे या. तिथे गंधर्व आहेत, किन्नर आहेत, अप्सरा आहेत, देवदेवता आहेत. आणि डाव्या हाताला रावण आहे.

हा रावण लंकेचा राजा म्हणून ऐटीत उभा नाही. तो आपली मस्तके स्वतःच्या हाताने कापतो आहे आणि शिवाला वाहतो आहे. घटकाभर थांबून बघण्यासारखा दगड आहे तो. भक्तीची परिसीमा आणि हट्टाची परिसीमा एकाच शरीरात. मूर्तिकाराने आधी कापलेली शिरे दाखवली आहेत आणि कापणारा हात अजून थांबलेला नाही. झिजलेला दगड आहे, ऊन-पाऊस खाल्लेला आहे, तरी त्या हाताची ओढ कळते. आता मला सांगा, राजधानीच्या वेशीत येणाऱ्या परक्या माणसाला कोणता राजा मुद्दाम असे चित्र दाखवेल? अभ्यासकांचे म्हणणे पटण्यासारखे आहे: हे दगड मुळात किल्ल्यासाठी घडवलेले नाहीत. कुठल्या तरी जुन्या, पडलेल्या देवळाचे ते दगड. किल्ला बांधताना किंवा दुरुस्त करताना कुणीतरी ते उचलून आणले आणि भिंतीत बसवले. रतनपूरच्या कंठी देवळातही अशाच आधीच्या काळातल्या मूर्ती बसवलेल्या दिसतात.

याकडे मी नाइलाजाने केलेले काम म्हणून बघत नाही. नुसता दगड हवा होता तर कोरीव बाजू आत घालून सपाट बाजू बाहेर ठेवता आली असती. भिंत तेवढीच भक्कम झाली असती. ज्याने तो रावण बाहेर तोंड करून, माणसाच्या नजरेत येईल असा बसवला, त्याला आपल्या आधीच्यांच्या हातच्या कामाची किंमत कळत होती. आपल्याकडे पुरातत्त्व खाते स्थापन होण्याच्या शेकडो वर्षे आधी एका अनाम गवंड्याने ते जतनाचे काम केले आहे. नमस्कार करायचाच असेल तर मी त्याला आधी करेन.

वेस म्हटली की आपण लढाईचाच विचार करतो. पण लढाई वर्षांतून, कधी पिढ्यांतून एकदा. बाकीचे सगळे दिवस वेशीचे काम वेगळे असे. दिवस उगवला की अडसर काढायचा, तिन्हीसांजेला दारे लावायची, आत-बाहेर जाणाऱ्या मालावर नजर ठेवायची, अनोळखी माणसाला कुठला, कोणाकडे आलास, हे विचारायचे. पहारेकऱ्यांची बसायची जागा, देवडी, ती दरवाज्याच्या पोटात. बातमी गावात पोचे ती तिथून. आमच्या विदर्भातले चंद्रपूर याचे उत्तम उदाहरण. गोंड राजांच्या त्या राजधानीला अजून परकोट आहे, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे आहेत, आणि त्यांखेरीज पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे तटातली लहान वाट. त्यांतली एक चोर खिडकी आणि एक मसण खिडकी. नावांवरूनच गावाचे जगणे डोळ्यांपुढे येते. कुणी कुठून यायचे, कुणाला कुठून न्यायचे, हे गावाने ठरवून ठेवले होते. रतनपूरच्या चार दारांनाही असे वाटून दिलेले काम असणारच. सेनापतीच्या नावाचे दार वेगळे ठेवतात ते उगाच नाही.

आता १७४१ सालाकडे येतो. इथे मला थोडे सावकाश बोलू द्या.

नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, आपण ज्यांना भास्करपंत म्हणतो, ते बंगालच्या स्वारीच्या वाटेवर छत्तीसगडात उतरले. चाळीस हजार फौजेचा आकडा सांगितला जातो. त्यात घोडदळच जास्त. रतनपूरच्या गादीवर तेव्हा रघुनाथसिंह होता. वय साठीकडे झुकलेले, आणि मुलाच्या मृत्यूने तो पार खचलेला. वर्षभर त्याने राज्यकारभारात लक्षच घातले नव्हते, असे चिशोम लिहितो. फौज येते आहे हे कळूनही त्याने वाट अडवली नाही, घाट रोखले नाहीत. भास्करपंत थेट राजधानीच्या वेशीशी येऊन ठेपले आणि त्यांनी तोफा लावल्या. राजवाड्याचा काही भाग ढासळला. तेव्हा राण्यांपैकी एक तटावर चढली आणि तिने तहाचे निशाण दाखवले. दरवाजे उघडले. फौज आत आली. शहर लुटले गेले, एक लाख रुपयांची खंडणी बसली, खजिना रिकामा झाला.

आपल्या पुस्तकांत ही हकिगत किती ओळींत येते? एक-दोन. 'भास्करपंतांनी छत्तीसगड जिंकून बंगालकडे कूच केले.' बस. पुढे बंगालची स्वारी आणि १७४४ मध्ये मानकरा येथे अलिवर्दीखानाने दगा देऊन केलेला त्यांचा खून. त्यावर मात्र आपण पानेच्या पाने लिहितो, आणि ते योग्यच आहे. पण त्या एक-दोन ओळींत जी बाई तटावर चढली, तिचे नावसुद्धा नाही. तिने खाली काय पाहिले असेल? सातशे वर्षे ज्या घराण्याने ही वेस राखली, त्या घराण्यातला मुख्य पुरुष आत दुःखाने बसून आहे, सरदार गप्प आहेत, भिंती पडताहेत, आणि निर्णय एका स्त्रीला घ्यावा लागतो. दार उघडायचे की जळायचे? तिने उघडायचे ठरवले. त्या निर्णयामुळे किती माणसे वाचली याचा हिशेब कुणी मांडला नाही. मला तो त्या सगळ्या मोहिमेतला सर्वांत कठीण आणि सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. मी नागपूरचा आहे. ज्यांच्या फौजा त्या दाराशी आल्या त्या भोसल्यांच्या शहरात मी वाढलो, त्यांच्या वाड्यांच्या सावलीत शिकलो. म्हणूनच हे इथे, तुमच्यासमोर, स्पष्ट बोलणे मला माझे काम वाटते.

बाहेरची बाजू आपल्याकडे लिहिलेली आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या सांगण्यावरून १८२२ मध्ये नागपूरकर भोसल्यांची बखर लिहिली. जेन्किन्सचा स्वतःचा अहवाल १८२७चा. आपण ते वाचतो, त्यांवर लेख लिहितो. पण आतली बाजूही लिहिलेली आहे, हे आपल्याला कितीसे ठाऊक आहे? रतनपूरचेच बाबू रेवाराम कायस्थ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हैहयवंशी, म्हणजे कलचुरी, राजांचा इतिहास लिहिला. आपल्या गावाचा, आपल्या राजांचा. आणि त्याहून जुनी अशी तोंडी परंपरा आहे. देवार समाजाचे गायक गोपल्लागीत गातात. कल्याणसाय राजाबरोबर दिल्लीला गेलेल्या गोपालराय नावाच्या अफाट बळाच्या वीराची ती कथा. किल्ल्यात एका प्रचंड दगडी मूर्तीचे शीर आणि धड पडलेले आहे, ती त्या गोपालरायाचीच, असे लोक मानतात. मूर्ती खरोखर कुणाची हा अभ्यासकांचा प्रश्न. पण रतनपूरचा माणूस त्या दाराकडे बघतो तेव्हा त्याला भास्करपंत आठवत नाहीत, गोपल्ला आठवतो. हे आपण ऐकून तर घ्यावे! रायपुरात राहून, छत्तीसगढी कानांवर पडत असताना, आपल्यातल्या किती जणांनी गोपल्लागीत बसून ऐकले आहे?

मग १७५८ साल. रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपूरला आले. आणि इथे कथा वळते. भास्करपंत दारातून आले आणि पुढे निघून गेले. बिंबाजी आले आणि राहिले. १७८७ मध्ये मरेपर्यंत राहिले, जवळजवळ तीस वर्षे. त्याच किल्ल्यात, त्याच खंदकाच्या आत. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी रामाचे देऊळ बांधले आणि टेकडीचे नाव रामटेकरी झाले. नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण त्यांना किती होत असेल, ते त्या नावातून कळते. दसऱ्याला सोने वाटण्याची आपली रीत त्यांनी रतनपुरात रुजवली. मराठी भाषा आणि मोडी लिपी इथल्या कारभारात आली ती त्यांच्याच काळात. आमच्याकडे दसऱ्याला आपट्याची पाने देतो तेव्हा आपल्याला वाटते ही फक्त आपली रीत. पण छत्तीसगडच्या इतिहासाच्या पुस्तकांत आजही ती बिंबाजींच्या नावावर आहे, आणि स्पर्धापरीक्षा देणाऱ्या इथल्या मुलांना ती पाठ असते. रायपुरातल्या दूधाधारी मठाशी, तिथल्या राममंदिराशीही त्यांचे नाव जोडलेले आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्यांच्या मागे त्यांची पत्नी आनंदीबाई. पती गेल्यावरही तिचा शब्द रतनपुरात चालत होता. किल्ल्यातले लक्ष्मीनारायणाचे देऊळ तिच्या नावे सांगतात. नागपूरहून आलेल्या या बाईने रतनपूर आतून पाहिले. १७४१ मध्ये तटावर चढलेली राणी आणि त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत त्याच कोटात कारभार सांभाळणारी आनंदीबाई, या दोघींच्या मध्ये छत्तीसगडातल्या मराठ्यांचा सबंध पूर्वार्ध सामावतो.

पण पुढचे सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. बिंबाजींनंतर सत्ता व्यंकोजी भोसल्यांकडे गेली आणि ते राहिले नागपुरात. इथे सुभेदार नेमले जाऊ लागले. ठरलेली रक्कम नागपूरला पोचवायची, वरचे ज्याचे त्याने पाहायचे, असा तो मामला. आधी म्हटले ना, महसुलाची वही ध्यानात ठेवा? ती वही आता परक्या हातात होती. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज या वाटेने गेला. त्याला रतनपूर म्हणजे मोडकळीला आलेले, बरीच घरे ओस पडलेले मोठे खेडे दिसले. आठ वर्षांत! राजा आत राहतो तोवर शहराला प्राण असतो. राजा दूर गेला आणि फक्त वसुली उरली की शहर बसते. नागपूरच्या इतिहासकारांनी याची जबाबदारी नि:संकोच घेतली पाहिजे. भोसल्यांचे ऋण मानायचे आणि सुभेदारीचे पान उलटून पुढे जायचे, हे चालणार नाही.

१८१८ मध्ये इंग्रजांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. रायपूरचे भाग्य उघडले. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. रायपुरालाही किल्ला होता. पंधराव्या शतकात, १४६० मध्ये, राजा भुवनेश्वरसिंहाने तो बांधला असे म्हणतात. बूढा तालाब आणि महाराजबंध यांच्या आधाराने उभा असलेला. आज तो कुठे आहे? पुरानी बस्तीत फिरा, ब्रह्मपुरीत फिरा. तळी सापडतात, देवळे सापडतात, किल्ला सापडत नाही. वाढत्या शहराला जागा लागते, दगड लागतो, रस्ता लागतो. रायपूर वाढले म्हणून रायपूरचा किल्ला गेला. रतनपूर मागे पडले म्हणून रतनपूरची वेस उभी राहिली. जतन करायचे असे ठरवून कुणी ती राखलेली नाही. तिच्यावाचून कुणाचे अडत नव्हते, म्हणून ती राहिली.

आज ती केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८चा कायदा आहे, २०१०ची दुरुस्ती आहे. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय नाही. कायद्याने दगड पडायचा थांबतो. पण त्या दगडाकडे बघायला माणूस लागतो, आणि माणूस कायद्याने आणता येत नाही. चंद्रपुरात २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी परकोटावरची झुडपे तोडली, बुरूज मोकळे केले, महिनोन्‌महिने सकाळी श्रमदान केले. त्यानंतर त्या तटावरून चंद्रपूरकर फिरू लागले, शाळेच्या सहली जाऊ लागल्या. जटपुरा दरवाज्यातून तर दिवसभर रहदारी चालते. हत्तीला दाबून उभा असलेला तो गोंडांचा सिंह रिक्षावाल्यांच्या डोक्यावर आहे. आमच्या नागपूरच्या महालातला जुम्मा दरवाजा, आता गांधी गेट म्हणतात, तोही तसाच वापरात राहिलेला. वापरात राहिलेल्या वेशीला धूर लागतो, धक्के लागतात. पण तिच्याखालून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना ती आपली वाटते. रतनपूरच्या वाट्याला कुंपण आले, शांतता आली. मला दोन्हींतले एक निवडायला सांगाल तर मी कुंपण निवडेन, कारण रावणाचा तो हात पुन्हा कोरता येणार नाही. पण कुंपणाच्या आत जाणारी माणसे वाढली पाहिजेत.

नवा रायपुरातल्या मंडळींना यात विशेष लक्ष घालता येईल. तुमचे शहर आखून बांधलेले. सेक्टर, रुंद रस्ते, महानदी भवन, इंद्रावती भवन. या शहराला तट नाही आणि असूही नये. पुरखौती मुक्तांगणात छत्तीसगडच्या वारशाच्या प्रतिकृती उभारल्या आहेत, मुलांना तिथे जरूर न्या. पण तिथून निघाल्यावर एखाद्या रविवारी त्यांना खऱ्या दरवाज्यापर्यंतही न्या. प्रतिकृतीत गवंड्याचा निर्णय दिसत नाही. तो झिजलेल्या सांध्यातच दिसतो.

मराठी माणूस रतनपूरला आणखी एका वाटेने पोचला, आणि ती वाट मला सर्वांत अभिमानाची वाटते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. कोकणात जन्मलेला आणि नागपुरात अनेक वर्षे शिकवण्यात घालवलेला हा पंडित. १९५५ मध्ये त्यांचा कलचुरी-चेदि संवताच्या कोरीव लेखांचा खंड प्रसिद्ध झाला. कलचुरींचे शिलालेख, ताम्रपट, एकेक ओळ, एकेक अक्षर लावून. जाजल्लदेवाचा १११४ सालचा रतनपूरचा लेख आमच्या नागपूरच्या संग्रहालयात आहे. रत्नदेव कोण, पृथ्वीदेव कोण, जाजल्लदेवाने कुणाकुणाला नमवले, हे आज छत्तीसगडचा विद्यार्थी नीट सांगू शकतो त्यात मिराशींच्या त्या परिश्रमाचा वाटा फार मोठा आहे. नागपूरहून गेलेल्या एका माणसाने रतनपूरची वेस तोफेने उघडली, आणि दोनशे वर्षांनी नागपूरच्याच दुसऱ्या माणसाने आतल्या माणसांची नावे, त्यांचे शब्द, त्यांच्या तिथ्या वाचून जगापुढे ठेवल्या. आतून वाचणे म्हणजे काय, ते मिराशींच्या कामात दिसते. त्यासाठी भाषा शिकावी लागते, दिवसच्या दिवस झिजलेल्या अक्षरांपुढे बसावे लागते, आणि ज्यांचे आपण वाचतो आहोत त्यांना आपल्याहून कमी लेखून चालत नाही.

तुमच्या रायपुरात माधवराव सप्रे होऊन गेले. घर मराठी, पण त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत, इथल्या लोकांसाठी. लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले, दासबोध हिंदीत नेला. सप्रेही वेशीच्या आत राहून लिहिणारेच. म्हणून रायपूरच्या मराठी माणसाला मी सांगतो ते काही नवे नाही. तुमच्याच वडीलधाऱ्यांची ती रीत आहे.

आता एक काम सांगतो आणि थांबतो. बिंबाजींबरोबर आणि त्यांच्यानंतरच्या सुभेदारांबरोबर जी घराणी इथे आली, कुणी कारकुनीला, कुणी कमाविसदारीला, कुणी देवळाच्या पूजेला, त्यांचे वंशज या सभागृहात बसलेले आहेत. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, मोडीतले कागद असतील. सनदा असतील, हिशेब असतील, एखादे साधे घरगुती पत्र असेल. बखरी राजांच्या आहेत, अहवाल साहेबांचे आहेत. वेशीच्या आत राहिलेल्या साध्या मराठी माणसाने काय पाहिले, भाताचा भाव काय होता, शेजारी कोण होते, छत्तीसगढी शेजाऱ्याशी त्याचे कसे जमले किंवा नाही जमले, हे असल्या कागदांतच मिळेल. ते कागद रद्दीत देऊ नका. प्लास्टिकमध्ये चिकटवून बंद करू नका, त्याने कागद आतून कुजतो. सुती कापडात सैल गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा, प्रत्येक पानाचा स्वच्छ उजेडात फोटो काढा. मोडी वाचणारी माणसे नागपुरात आहेत, पुण्यात आहेत, आणि त्यांतली काही आनंदाने मदत करतील. मी उद्या दुपारपर्यंत रायपुरातच आहे. सकाळी नऊपासून याच सभागृहाच्या कार्यालयात बसणार आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते घेऊन यावे, आपण बरोबर बसून चाळू.